हात अडकू नयेत अशी लाइन

माझं काम हातांचं आहे. मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. ऐकू न येणारा एखादा माणूस बँकेत, दवाखान्यात किंवा कुठल्या ऑफिसात गेला की तिथल्या टेबलावर मोबाइल उभा करतो आणि मला व्हिडिओ कॉल लावतो. समोरचा बोलतो ते मी हातांनी त्याला सांगते आणि तो हातांनी सांगतो ते मी तोंडाने समोरच्याला. दिंडोशीतल्या आमच्या घराच्या आतल्या खोलीत, कोऱ्या भिंतीसमोर, काळा साधा कुर्ता घालून मी हे करते. कुर्ता साधाच लागतो. फुलाफुलांच्या कपड्यावर बोटं हरवतात.

ही भाषा मला माझ्या धाकट्या भावाने दिली. तो जन्मापासून कर्णबधिर. वडील जालन्याकडून कामासाठी मुंबईत आले, मानखुर्दला खोली घेतली आणि आम्ही दोघं तिथेच वाढलो. त्याच्या शाळेतली पोरं सुट्टीत घरी यायची, तासन् तास हातांनी गप्पा हाणायची. मी त्यांच्यात बसून शिकले. रीतसर कोर्स वगैरे नंतर केला. भाऊ आता खोकी छापणाऱ्या एका प्रेसमध्ये रंग जुळवायचं काम करतो, बायकोसोबत अजून मानखुर्दलाच राहतो, आणि माझ्या हातांत काही चूक झाली तर आजही सगळ्यांसमोर मला टोकतो.

पूर्वी मी लोकांबरोबर प्रत्यक्ष जायचे. मग व्हिडिओवरची कामं वाढली, आणि सुरुवातीला मी ती मोबाइलवरच करायचे. छोटासा पडदा, सिमकार्डचं नेट, मोबाइल डब्याला टेकवून ठेवलेला. चालायचं तोवर चालायचं.

एकदा एक आजोबा डॉक्टरांच्या दवाखान्यातून माझ्याशी कॉलवर होते. डॉक्टर म्हणाले, "ही जुनी गोळी बंद करा आणि उद्यापासून ही नवी चालू करा, रोज सकाळी, चुकवायची नाही." मी हात उचलले, पहिलं वाक्य सांगितलं, आणि तिकडे माझं चित्र थिजलं. आजोबांना दिसलं ते एवढंच, की गोळी बंद. ते खूश झाले, डॉक्टरांना हात जोडून उठलेसुद्धा. इकडे मी हातवारे करतेय आणि तिकडे माझा फोटो झालाय. पण माझा आवाज मात्र जात होता. मी ओरडले, "डॉक्टर, त्यांना थांबवा! त्यांना अर्धंच कळलंय!" डॉक्टरांनी आजोबांची बाही धरून त्यांना परत बसवलं. चित्र आल्यावर मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि आजोबांकडून हातांनी वदवून घेतलं तेव्हाच कॉल सोडला.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "असं नाही चालणार. मला धड कॉम्प्युटर पाहिजे आणि धड नेट पाहिजे."

नवरा विमानतळावर कार्गोमध्ये आहे. कमी बोलतो, पण डोक्यात बसलं की करतो. थोड्या दिवसांत आतल्या खोलीत कॉम्प्युटर आला. मोठा स्क्रीन, वर चांगला कॅमेरा. आता माणसं मला कमरेपासून वर पूर्ण दिसणार होती आणि मी त्यांना. राहिला प्रश्न नेटचा. घरात केबलवाल्याचं कनेक्शन होतंच. टीव्ही, मोबाइल, सगळं त्याच्यावर. नवऱ्याने कॉम्प्युटर त्यालाच जोडला, एक पिक्चर लावून बघितला. चित्र काचेसारखं स्वच्छ.

"बघ, झकास!" तो म्हणाला.

मी भावाला कॉल लावला. आमच्या मावशीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, ती बातमी त्याला द्यायची होतीच. मी मोठ्या आनंदाने सांगायला लागले. मावशी, तिची मुलगी, मुलगा नाशिकचा, लग्न मे महिन्यात. सांगून झालं तरी भाऊ गंभीर. मग त्याने विचारलं, "मावशीला काय झालं? कुठल्या हॉस्पिटलात आहे?"

लग्न वाटेत गळालं होतं, मुलगी गळाली होती, नाशिक गळालं होतं. उरली होती नुसती मावशी आणि माझे जोरजोरात हलणारे हात. सगळं उलगडल्यावर भाऊ हसून लोळला आणि मग त्याने माझी नक्कल केली. हात वर करायचा, पुतळ्यासारखं थांबायचं, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड उघडं, मग एकदम तीन खुणा धडाधड. "तू अशी दिसतेस," तो म्हणाला. आमच्यात हातांनी सांगण्यालाही म्हणणंच म्हणतात. "ताई, वाट लागलीय तुझी."

मला कोडं पडलं. पिक्चर इतका सुंदर चालतो, मग माझेच हात का अडकतात? वेग मोजायची एक साइट असते, तिच्यावर जाऊन बघितलं तर तिथे दोन आकडे. एक डाउनलोडचा, चांगला लठ्ठ. दुसरा अपलोडचा, अगदीच रोडका. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पिक्चर आपल्याकडे येतो. माझे हात इथून बाहेर जायचे असतात. घरात नळाला पाणी धो धो येतंय, पण मोरीचा पाइप बारीक, असली गत होती. जाहिरातीत, पोस्टरवर, सगळीकडे मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो येण्याचा वेग. जाण्याचा वेग कोणी विचारत नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

मी केबलवाल्याला बोलावलं. हा माणूस टीव्हीच्या काळापासून आमच्या बिल्डिंगला लाइन देतो, सगळ्यांना ओळखतो.

"ताई, स्पीड तर मस्त येतोय ना," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"येतोय रे, पण जात नाहीये. मला पाठवायचंय. अपलोड वाढवून दे."

त्याने डोकं खाजवलं. मग खरं ते सांगून टाकलं. "खोटं कशाला बोलू? माझ्या लाइनीवर एवढं अपलोड नाही मिळणार तुम्हाला. सगळी बिल्डिंग एकाच वायरीवर आहे. ती बदलायचा माझा विचार आहे, पण आत्ता नाही."

मी त्याचे आभार मानले आणि शोधाला लागले. सगळ्यांकडे सल्ले तयार होते. चुलतभावाने सिमकार्डावर चालणारा डबा आणून दिला, ज्याला वायर लागतच नाही. खिडकीत ठेवला. सकाळी इतका छान चालला की मी जवळपास ठरवूनच टाकलं होतं. पण संध्याकाळी माणसं कामावरून घरी आली, प्रत्येकाने आपापला मोबाइल उघडला, आणि माझ्या डब्याची हवा गेली. भावाने पडद्यावर पुन्हा पुतळा करून दाखवला. मग कोणीतरी गच्चीवर अँटेना बसवून हवेतून येणाऱ्या नेटचं सांगितलं. तो माणूस येऊन गच्चीवरून बघून गेला आणि म्हणाला, "मॅडम, समोर टॉवर उभा राहतोय. आज सिग्नल आहे, टॉवर वर गेला की राहील का सांगता येत नाही." मी टॉवरकडे बघितलं. रोज एक मजला चढत असल्यासारखा वाटत होता. अँटेनाचा विषय तिथेच संपला.

राहिली फायबरची लाइन. म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार, तिच्यातून उजेड धावतो, आणि तिच्यात जायचा वेगही यायच्या वेगाइतकाच मिळू शकतो, असं सांगत होते. सांगण्यावर माझा विश्वास उरला नव्हता. शेजारच्या सोसायटीत माझ्या योगाच्या वर्गातली मैत्रीण राहते, तिच्याकडे फायबर होतं. मी नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेले. मुद्दाम संध्याकाळी, सगळे घरी असतात तेव्हा.

भावाला कॉल लावला. त्याचा चेहरा आला. मी लग्नाच्या कपड्यांचा विषय काढला. तो म्हणाला, मी कोट घालणार. मी म्हटलं, मे महिन्यात? वेडा आहेस का? तो म्हणाला, तू मागच्या लग्नात घातलेली साडी बघितलीस का स्वतःची? मी म्हटलं, त्या साडीला काय झालं होतं? आणि मग आम्ही जे सुरू झालो! त्याचं वाक्य संपायच्या आत माझे हात वर, माझं संपायच्या आत त्याचे. मी त्याला मधेच तोडत होते, तो मला तोडत होता. लहानपणी मानखुर्दच्या खोलीत, मधे आईला उभं करून, आम्ही जसं भांडायचो तसं.

मैत्रीण चहा घेऊन दारातच थांबली. "अगं, काय झालं? घरी काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही गं," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही येत होतं. "मला भांडता येतंय!"

अडकणाऱ्या लाइनवर भांडता येत नाही. तिथे आपली पाळी येईपर्यंत सभ्यपणे थांबावं लागतं. भाऊ पडद्यावरून म्हणाला, "हीच घे. आणि साडी बदल."

मी फायबरसाठी नाव नोंदवलं. वायर टाकणारी माणसं ठरल्या दिवशी आली आणि गेटवरूनच परत गेली. वॉचमन म्हणाला, सेक्रेटरींची ऑर्डर आहे, बिल्डिंगला नवीन वायर नाही.

आमचे सेक्रेटरी काका मालवणचे. रिटायर झाल्यापासून बिल्डिंग म्हणजे त्यांचं मूल. पावसाळ्याआधीच सगळ्या इमारतीला नवा रंग दिला होता, आणि त्या रंगाला कोणी टेकून उभं राहिलं तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. मी त्यांच्या घरी गेले.

"गो बाय, त्या रंगाक भोकां पाडूक देवचंय नाय हां मी," त्यांनी मला बसायच्या आधीच सांगितलं. मग जरा शांत होऊन म्हणाले, "अख्ख्या बिल्डिंगला जे पुरतं, ते तुला का पुरत नाही? एवढं काय करतेस तू नेटवर?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा हलला नाही. शेवटी म्हणाले, "एकट्यासाठी नियम मोडता येत नाही. रविवारी मीटिंग आहे. सगळ्यांसमोर मांड. सभासद हो म्हणाले तर माझी हरकत नाही."

रविवारपर्यंत मी गप्प बसले नाही. फायबरच्या इंजिनियरला बोलावलं, काकांच्या परवानगीने लिफ्टशेजारचा वायरींचा डक्ट उघडून दाखवला. विजेच्या आणि फोनच्या जुन्या वायरी तळापासून वरपर्यंत त्याच्यातूनच जातात. इंजिनियरने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, "याच्यातून आरामात जाईल. बाहेरच्या भिंतीला हात लावायचं कामच नाही." हे मी त्याच्याकडून लिहून घेतलं. आणि भावाला निरोप धाडला, की रविवारी ये, मी एकटी बोलण्यापेक्षा तू बोल.

मीटिंग सोसायटीच्या ऑफिसात. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर पंखा, पाण्याची गळती आणि पार्किंग यांच्यावरून आधीच गरम झालेली डोकी. माझा विषय निघाला तेव्हा लोक घड्याळं बघत होते. मी डक्टबद्दल सांगितलं, कागद पुढे केला. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "आज हिला, उद्या प्रत्येकाला पाहिजे. वायरींचं जंगल होईल." दुसरा म्हणाला, "मोबाइलचं नेट वापरा ना. आम्ही वापरतोच की."

मग मी म्हटलं, "माझा भाऊ आलाय. त्याला बोलायचंय. तो बोलेल ते मी तुम्हाला सांगेन."

भाऊ उठला. रविवारचीही पाळी होती, प्रेसमधून तसाच आला होता, नखांच्या कडांना निळी शाई. त्याने आधी सगळ्यांकडे नीट बघून घेतलं. खोलीतली कुजबुज थांबली. हात बोलणार म्हटल्यावर माणसं आपोआप बघायला लागतात. मी त्याच्या बाजूला, जरा मागे उभी राहिले आणि त्याच्या हातांना आवाज दिला.

"तुमच्या फोनची रेंज गेली," तो म्हणाला, "तर आधी चित्र जातं. आवाज राहतो. तुम्ही म्हणता, चालेल, ऐकू तर येतंय. माझं तसं नाही. माझं चित्र गेलं की समोरचा माणूसच गेला. डॉक्टर गेला. मॅनेजर गेला. माझी बहीण गेली. मी हातात फोन धरून तिच्या अडकलेल्या फोटोकडे बघत बसतो. फोटो चांगलाही नसतो."

हशा पिकला. पुढचं सांगताना मलाही हसू आवरून बोलावं लागलं.

"तुमच्या बिल्डिंगच्या आतल्या खोलीत बसून ही बाई कुठल्या कुठल्या शहरातल्या माणसांना बोलतं करते. तुम्हाला हे माहीत नव्हतं, कारण आमचं बोलणं भिंतीतून ऐकू येत नाही. त्याबाबतीत आम्ही फार चांगले शेजारी आहोत."

आता केबलवालाही दारात येऊन उभा होता, त्याचं काहीतरी बिलाचं काम होतं. कोणीतरी त्याच्याकडे बघून विचारलं, "काय रे, तुझं नेट चालत नाही का हिला?" तो सरळ म्हणाला, "पिक्चरला चालतं. ताईंच्या कामाला नाही चालणार. मी त्यांना आधीच सांगितलंय."

सेक्रेटरी काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद पुन्हा वाचला, मग माझ्याकडे न बघता थेट भावाकडे बघून विचारलं, "भिंतीला हात लागणार नाही ना?" मी ते हातांनी सांगितलं. भावाने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि मान हलवली. काकाच हसले. "चला, अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. पार्किंगवरून भांडलेल्या दोघांचेही. पाठीमागे जंगलाची भीती घालणाऱ्याचासुद्धा, जरा उशिरा. ते बघून भाऊ इतका खूश झाला की त्याने आपले दोन्ही हात डोक्यावर नेऊन हवेत थरथर हलवले. लोक गोंधळले. मी म्हटलं, "आमच्यात टाळ्या अशा वाजवतात. आवाज नाही, पण शेवटच्या रांगेतूनही दिसतात." आधी एका काकूंनी हात हलवून बघितले, मग पोरांनी, मग सगळ्या खोलीने. पंख्याखाली ते सगळे हात एकदम हलत होते आणि खोलीत चक्क शांतता होती. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तशी शांतता त्याआधी कोणी बघितली नसेल.

बाहेर पडताना भावाने सेक्रेटरी काकांना खुणेचं नाव दिलं. आमच्यात प्रत्येकाला असं एक नाव असतं, आणि ऐकू येणाऱ्या माणसाला ते स्वतःचं स्वतः घेता येत नाही, आमच्यातल्याच कोणीतरी द्यावं लागतं. चष्मा कपाळावर सरकवल्याची खूण, हे काकांचं नाव. मी त्यांना तसं सांगितल्यावर त्यांनी ते दोनदा करून बघितलं.

तार आली ती डक्टमधून, बाहेरच्या रंगाला न शिवता. काका स्वतः प्रत्येक मजल्यावर उभे राहून बघत होते. राउटर हॉलमध्ये बसला. आता शेवटचा प्रश्न, की कॉम्प्युटर त्याला जोडायचा कसा. नवरा म्हणाला, वायफाय आहे ना, घरात कशाला वायर? मी म्हटलं, भावाला विचारू. वायफायवर कॉल लावला. बरं चाललं होतं, पण मधेच हॉलचं दार लागलं, स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह सुरू झाला, आणि माझी दोन बोटं कुठेतरी राहून गेली. भावाने एक भुवई उचलली. पुरे होतं तेवढं. नवऱ्याने पँटची घडी मोडत जमिनीवर बैठक मारली आणि राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून एक निळी केबल नेऊन कॉम्प्युटरच्या पाठीत खोचली. पुन्हा कॉल लावला. मी दोन्ही हातांनी मला येईल तितक्या वेगाने अक्षरं जुळवत एक लांबलचक शब्द सांगितला. भावाने तोच शब्द त्याहून वेगाने परत केला, आणि पुढे म्हणाला, "यार, नवऱ्याला सांग, आज तूच हिरो."

पहिलं मोठं काम लगेच आलं. एका मुलीचा नोकरीचा इंटरव्ह्यू. ती कल्याणची, अकाउंट्स शिकलेली, ऐकू येत नाही. कंपनीचे तिघं त्यांच्या ऑफिसात, ती तिच्या घरी, मी माझ्या खोलीत. याआधी तिने दोन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या, दोन्हीकडे चित्र अडकून सगळा विचका झाला होता. कॉल सुरू व्हायच्या आधी तिने मला विचारलं, "आज पण अडकेल का?"

"माझ्याकडून नाही," मी म्हटलं. असं ठामपणे म्हणायला काय बरं वाटलं!

प्रश्न सुरू झाले. पहिली काही उत्तरं तिने जपून दिली. मग त्यांच्यातल्या मॅडमनी विचारलं, "हिशेब जुळत नसेल तर तू काय करतेस?" मुलीने जरा विचार केला आणि सांगितलं, की आधी बाकीच्या सगळ्यांच्या चुका शोधते, मग चहा पिते, मग माझी सापडते. तिचे हात हे सांगत असतानाच मी ते बोलत होते, आणि शेवटच्या शब्दाला तिकडचे तिघं मोकळेपणी हसले. ते हसू तिला त्याच क्षणी दिसलं. उशिरा नाही, तुटक नाही. तिने विनोद केला आणि लोक हसले, दोन्ही एकाच वेळी, जसं सगळ्यांचं होतं तसं. तिथून ती फुलली. खुर्चीत पुढे सरकून बसली, हात मोठे झाले, मधेच मॅडमना थांबवून उलट प्रश्न विचारला. मी घामाघूम झाले तिच्याबरोबर राहता राहता. चित्र एकदाही अडकलं नाही.

कॉल संपल्यावर मी उठून हॉलमध्ये आले आणि नवऱ्यासमोर दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले. त्याने टीव्हीचा रिमोट बाजूला ठेवून तसंच करून दाखवलं.

कामावर रुजू झाली त्या सकाळी त्या मुलीने मला व्हिडिओ पाठवला. ऑफिसच्या बिल्डिंगसमोर उभी होती, गळ्यात नवीन ओळखपत्र. एका हातात फोन धरलेला, त्यामुळे आमची दोन हातांची भाषा ती एकाच हाताने बोलत होती, अर्ध्या खुणा हवेत सोडून देत. तरी मला शब्द न् शब्द कळला. ती म्हणत होती, आत जातेय, उशीर होतोय, संध्याकाळी सगळं सांगते.